व्हर्ट.एक्सपासून सुरुवात: ही ओळ कोणत्या थ्रेडवर चालते आहे?

जावामध्ये सर्व्हरवरची अ‍ॅप्लिकेशन्स लिहायला शिकणारे पुण्यातले बहुतेक विद्यार्थी स्प्रिंग बूटपासून सुरुवात करतात. हिंजवडीत, खराडीत किंवा मगरपट्ट्यात मुलाखतीला जायचे तर ते यावेच लागते, त्यामुळे त्या वाटेबद्दल माझी तक्रार नाही. पण कर्वेनगरला माझ्याकडे रविवारी सकाळी जमणाऱ्या मुलामुलींना मी आधी व्हर्ट.एक्स ही जावामध्ये सर्व्हर लिहिण्याची लायब्ररी शिकवतो आणि मग स्प्रिंगकडे नेतो. स्प्रिंग बूटमध्ये दोन-तीन अ‍ॅनोटेशन्स लावली की सर्व्हर उभा राहतो. काम झटपट होते, परंतु आलेली विनंती कोणत्या थ्रेडने, म्हणजे प्रोग्रॅममधल्या कामाच्या कोणत्या धाग्याने, हातात घेतली, डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहत कोण थांबले आणि उत्तर शेवटी कोणी पाठवले, या प्रश्नांना विद्यार्थ्याला फार काळ सामोरे जावेच लागत नाही. व्हर्ट.एक्समध्ये ते पहिल्याच दिवशी समोर येतात. आपण लिहिलेली अमुक ओळ कोणत्या थ्रेडवर चालते आहे हे ज्याला न अडखळता सांगता येते, त्याला सर्व्हर कळू लागला असे माझे ठाम मत आहे, आणि पुढचे सगळे लिखाण याच प्रश्नाभोवती आहे.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. सर्वाधिक प्रचलित पद्धत अशी, की प्रत्येक विनंतीला एक थ्रेड द्यायचा आणि उत्तर जाईपर्यंत तो तिच्याकडेच ठेवायचा. टॉमकॅट या जावा सर्व्हरमध्ये अशा थ्रेडची कमाल संख्या मुळात २०० असते. एरवी तेवढे पुरतात. पण डेटाबेस मंदावला आणि प्रत्येक विनंती त्याच्या उत्तरासाठी काही सेकंद ताटकळू लागली, की हे सगळे थ्रेड काहीही न करता अडकून पडतात, नव्या विनंत्या रांगेत उभ्या राहतात, आणि त्याच वेळी प्रोसेसर मात्र जवळजवळ रिकामा असतो. "सर, मग थ्रेड वाढवले तर?" हा प्रश्न दर वर्गात येतो. वाढवता येतात, पण ६४ बिटांच्या लिनक्सवर जावाच्या प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकसाठी, म्हणजे त्याच्या चालू कामाच्या मेमरीसाठी, साधारण १ एमबीची जागा राखली जाते, आणि हजारो थ्रेडमध्ये सतत अदलाबदल करण्याचा भार ऑपरेटिंग सिस्टिमवर पडतो, म्हणून हा उपाय लवकरच संपतो. एकाच सर्व्हरने एका वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळाव्यात, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये मांडला तो याच अडचणीतून. २००२ मध्ये जावाच्या १.४ आवृत्तीबरोबर एनआयओ आले आणि एका थ्रेडने अनेक जोडण्यांवर लक्ष ठेवणे जावातही शक्य झाले. त्यावर नेटी ही लायब्ररी उभी राहिली, आणि नेटीच्या आधाराने टिम फॉक्स यांनी २०११ मध्ये, व्हीएमवेअरमध्ये काम करत असताना, व्हर्ट.एक्स सुरू केले. २०१३ मध्ये हा प्रकल्प इक्लिप्स फाउंडेशनकडे गेला आणि आजही तिथेच आहे. क्वार्कस या जावा फ्रेमवर्कचे अंतरंगही व्हर्ट.एक्सचेच आहे, त्यामुळे पुढे कोणी क्वार्कसकडे वळला तरी इथले शिक्षण वाया जात नाही.

उदाहरण म्हणून मी नेहमी टँकरची नोंदवही घेतो. वाघोली, उंड्री, बावधन अशा भागांतल्या सोसायट्यांमध्ये उन्हाळ्यात टँकरची ये-जा रोजचीच असते. वॉचमन वहीत गाडीचा नंबर, वेळ आणि लिटर लिहितो, चालकाकडून चलन घेतो, आणि महिनाअखेरीस टँकरवाल्याचे बिल आले की सेक्रेटरी ती वही उघडून बसतात. हीच वही सर्व्हरवर न्यायची. नवी नोंद स्वीकारणारा एक मार्ग (म्हणजे सर्व्हरवरचा पत्ता), आजच्या नोंदी दाखवणारा दुसरा, आणि महिन्याची बेरीज देणारा तिसरा, एवढेच काम आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये टेबलही एकच पुरते. विषय प्रत्येकाच्या घरातला असल्यामुळे चुकीचे उत्तर आले तर ते चुकीचे आहे हे लगेच ओळखू येते, आणि नवशिक्याच्या दृष्टीने हा मोठाच फायदा आहे.

उभारणीला फार वेळ लागत नाही. जेडीके (जावाचा विकाससंच) १७ किंवा २१ घ्यावे. व्हर्ट.एक्स ५ ला किमान जावा ११ लागते, पण पुढे व्हर्च्युअल थ्रेडबद्दल जे लिहिले आहे ते करून पाहायचे असेल तर २१ च घेतलेले बरे. अधिकृत संकेतस्थळावर कोरा प्रकल्प तयार करून देणारे एक पान आहे. तिथे जावा आणि मेव्हन (प्रकल्प बांधणारे साधन) निवडावे, डिपेंडन्सीमध्ये वेब आणि रिअ‍ॅक्टिव्ह पोस्टग्रेस क्लायंट (डेटाबेसच्या उत्तरासाठी थ्रेड न अडवणारा) हे दोन घटक घ्यावेत, आणि झिप फाइल उतरवावी. मेव्हनचा रॅपर सोबत येतो, म्हणून मेव्हन वेगळे बसवावे लागत नाही. उघडून पाहिले तर आत मुख्य कोडचा एकच वर्ग दिसतो, मेन व्हर्टिकल नावाचा. त्याच्या स्टार्ट पद्धतीत एचटीटीपी सर्व्हर तयार होतो, त्याला रिक्वेस्ट हँडलर (विनंती आली की चालणारा कोड) दिला जातो आणि तो ८८८८ या पोर्टवर ऐकू लागतो. हा कोड इतका छोटा असतो की प्रत्येक ओळ वाचूनच पुढे जावे, असा माझा आग्रह असतो.

या कोऱ्या प्रकल्पात करण्याजोगा पहिला बदल म्हणजे त्यातले इंग्रजी स्वागतवाक्य काढून तिथे "नमस्कार, पुणे" असे लिहिणे. ब्राउझरमध्ये पाहिले तर बहुधा मराठी अक्षरांऐवजी अगम्य चिन्हे दिसतात. व्हर्ट.एक्सने अक्षरे यूटीएफ-८ मध्येच पाठवलेली असतात, परंतु हेडरमध्ये नुसते "टेक्स्ट/प्लेन" लिहिलेले असल्यामुळे ब्राउझरला अक्षरसंच अंदाजाने ठरवावा लागतो. हेडरला यूटीएफ-८ चा चारसेट जोडला की अक्षरे जागेवर येतात. पुढे जेसन या मजकूररूपात माहिती पाठवताना हा प्रश्न उरत नाही, कारण जेसनची देवाणघेवाण यूटीएफ-८ मध्येच करायची असते. "पाणी गढूळ, अर्धाच टँकर घेतला" असा वॉचमनचा शेरा आपल्या नोंदवहीत मराठीतच साठवायचा आहे, म्हणून हे सुरुवातीलाच नीट झालेले बरे.

आता मुख्य गोष्ट. व्हर्ट.एक्समध्ये इव्हेंट लूप नावाचे थोडेसे थ्रेड असतात. प्रोसेसरचे जितके कोअर दिसतात त्याच्या दुप्पट, म्हणजे आठ कोअर दिसणाऱ्या लॅपटॉपवर सोळा. व्हर्टिकल म्हणजे आपल्या कोडचा एक सुटा घटक. त्याची एक प्रत, म्हणजे इन्स्टन्स, सुरू केली की तिला यांपैकी एक इव्हेंट लूप नेमून दिला जातो, आणि तो तिच्या आयुष्यभर बदलत नाही. त्या प्रतीतले सगळे हँडलर त्या एकाच थ्रेडवर, एकामागून एक चालतात. याचा एक सुखद परिणाम असा की, व्हर्टिकलच्या आतल्या फील्डना कुलूप लावण्याची, म्हणजे सिंक्रोनाइज्ड लिहिण्याची, गरज पडत नाही, कारण दुसरा थ्रेड तिथे येतच नाही. दुसरा परिणाम कडक आहे: त्या थ्रेडला थांबवायचे नाही. इव्हेंट लूप अडवू नका, हा व्हर्ट.एक्सच्या दस्तऐवजातला सुवर्णनियमच आहे.

नियम वाचून पाठ होतो, पण तो अंगी बाणायचा असेल तर एकदा मुद्दाम मोडून पाहावा. राउटरवर, म्हणजे पत्ता पाहून विनंती योग्य हँडलरकडे देणाऱ्या घटकावर, दोन मार्ग करावेत. एकाचे नाव "लवकर", तो लगेच उत्तर देतो. दुसऱ्याचे नाव "उशिरा", त्याच्या हँडलरमध्ये थ्रेड डॉट स्लीपने आठ सेकंद झोपायचे आणि मग उत्तर द्यायचे. दोन्ही हँडलरच्या पहिल्या ओळीत चालू थ्रेडचे नाव छापायचे. मग दोन टर्मिनल शेजारी-शेजारी उघडून एकात कर्ल या कमांडने "उशिरा" मागवायचे आणि लगेच दुसऱ्यात "लवकर". "लवकर" येतच नाही. आठ सेकंद दोन्ही टर्मिनल गप्प बसतात, आणि मग दोन्ही उत्तरे एकदम येतात. छापलेली नावे पाहिली तर दोन्हीकडे तेच, इव्हेंट लूप थ्रेडचे. सोसायटीच्या गेटवरचा एकुलता एक वॉचमन टँकर रिकामा होईपर्यंत पाइपपाशी उभा राहिला तर तेवढा वेळ गेट कोणासाठीच उघडणार नाही, तसे हे आहे.

दरम्यान सर्व्हरच्या टर्मिनलकडेही लक्ष ठेवावे. व्हर्ट.एक्स दर सेकंदाला प्रत्येक इव्हेंट लूपची चौकशी करते, आणि एखादा थ्रेड दोन सेकंदांहून अधिक अडकला असेल तर इशारा छापते: अमुक थ्रेड इतके मिलिसेकंद अडकला आहे, मर्यादा २००० आहे. पाच सेकंद उलटले की इशाऱ्याबरोबर पूर्ण स्टॅक ट्रेसही येतो, आणि त्यात नेमक्या कोणत्या फाइलमधल्या कोणत्या ओळीवर थ्रेड थांबला आहे ते दिसते. आठ सेकंद घ्यायला सांगितले ते यासाठीच. हा इशारा मला या लायब्ररीतली सर्वांत उपयुक्त सोय वाटते. तो आलेला दिसला आणि वेळेची मर्यादा वाढवून गप्प केला, असे कोड मी पाहिले आहेत. तसे करू नये. इशारा ज्या ओळीकडे बोट दाखवतो ती ओळ तिथून हलवावी.

कुठे हलवायची, हे कामावर अवलंबून आहे. नुसते थांबायचे असेल तर टायमर लावावा. तो थ्रेड अडवत नाही, वेळ झाली की हँडलरला बोलावतो. डेटाबेसचे काम असेल तर रिअ‍ॅक्टिव्ह क्लायंट वापरावा, त्याबद्दल पुढे येते. पण महिन्याच्या बिलाची पीडीएफ तयार करण्यासारखे काम खरोखरच वेळ खाणारे असते, आणि त्यासाठीच्या जावा लायब्रऱ्या थ्रेड धरूनच चालतात. असे काम एक्झिक्यूट ब्लॉकिंगच्या हवाली करावे. ते वर्कर थ्रेडवर, म्हणजे अशा थांबणाऱ्या कामांसाठी वेगळ्या ठेवलेल्या थ्रेडवर, जाते, आणि वर्कर थ्रेड मुळात २० असतात. इथेही थ्रेडचे नाव छापून पाहावे, म्हणजे काम खरोखर वर्करवर गेले आणि निकाल घेऊन परत इव्हेंट लूपवर आले, हे डोळ्यांनी दिसते. एक बारकावा मात्र लक्षात असू द्यावा. एकाच व्हर्टिकलमधून एक्झिक्यूट ब्लॉकिंगला दिलेली कामे डीफॉल्टनुसार क्रमाने, एक संपल्यावर दुसरे अशी चालतात. वीस थ्रेड मोकळे असूनही दोन पीडीएफ एका वेळी का होत नाहीत, याचे उत्तर इथे आहे. क्रमाची गरज नसेल तर दुसरा आर्ग्युमेंट म्हणून फॉल्स द्यावा.

इन्स्टन्सच्या संख्येबद्दलही एक प्रयोग करण्यासारखा आहे. व्हर्टिकलच्या चार प्रती सुरू केल्या तर त्या चारही एकाच ८८८८ पोर्टवर ऐकू शकतात, आणि येणाऱ्या जोडण्या व्हर्ट.एक्स त्यांच्यात आळीपाळीने वाटून देते. डेटाबेस जोडण्याआधी विद्यार्थी नोंदी एका लिस्टमध्ये, व्हर्टिकलच्या फील्डमध्ये ठेवतात. एक प्रत असेपर्यंत सगळे ठीक चालते. चार प्रती केल्या आणि कर्लने पुन्हा पुन्हा यादी मागवली की कधी तीन टँकर दिसतात, कधी एक, कधी एकही नाही, कारण चार प्रतींच्या चार वेगळ्या लिस्ट आहेत आणि प्रत्येक नवी जोडणी वेगळ्या प्रतीकडे जाऊ शकते. हे पाहिल्यानंतर व्हर्टिकलची स्थिती त्याच्यापुरतीच असते, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, आणि पोस्टग्रेस का हवे हेही आपोआप कळते.

पोस्टग्रेसच्या क्लायंटमध्ये जेडीबीसी, म्हणजे थ्रेड अडवणारी जावाची नेहमीची डेटाबेस-जोडणी, नाही. क्वेरी पाठवली की हातात ताबडतोब एक फ्यूचर, म्हणजे नंतर मिळणाऱ्या निकालाची पावती, येते, थ्रेड मोकळा होतो, आणि उत्तर आले की पुढचे काम त्याच इव्हेंट लूपवर चालू होते. मूल्ये क्वेरीच्या मजकुरात जोडून न टाकता डॉलर-एक, डॉलर-दोन अशा खुणा ठेवून टपलमधून (मूल्यांच्या क्रमवार संचातून) द्यावीत, हे सुरक्षिततेसाठी अनिवार्य आहे. पूलचा, म्हणजे डेटाबेसच्या तयार जोडण्यांच्या संचाचा, आकार मुळात चार असतो, आणि जोडणीसाठी थांबलेल्या क्वेरींच्या रांगेला मुळात मर्यादा नसते. सराव करताना हे लक्षातही येत नाही, पण प्रत्यक्ष वापरात मर्यादा घालायला विसरू नये, नाहीतर डेटाबेस मंदावल्यावर विनंत्या गुपचूप मेमरीत साचत राहतात.

फ्यूचरवर मी सर्वांत जास्त वेळ खर्च करतो, कारण नवशिक्यांची खरी कसोटी इथे लागते. टँकरची नोंद स्वीकारण्याचा मार्ग घ्या. आलेला जेसन वाचायचा, गाडीचा नंबर आणि लिटर तपासायचे, ती गाडी सोसायटीच्या यादीत आहे का ते डेटाबेसला विचारायचे, असल्यास नोंद घालायची, आणि २०१ (नोंद झाली) या एचटीटीपी स्थितीबरोबर उत्तर द्यायचे. यातली दोन कामे फ्यूचर देतात. पहिल्या फ्यूचरच्या ऑन सक्सेसमध्ये (यश आले की चालणाऱ्या हँडलरमध्ये) दुसरी क्वेरी, तिच्या ऑन सक्सेसमध्ये उत्तर, असे एकात एक लिहीत गेले तर कोड उजवीकडे सरकत जातो, पण खरा धोका दिसण्यात नाही. ऑन सक्सेसच्या आत नल पॉइंटर एक्सेप्शन आले तर ते पकडायला राउटर तिथे नसतोच, कारण राउटरचा हँडलर केव्हाच परतलेला असतो. लॉगमध्ये एक ओळ उमटते आणि विनंती अनुत्तरित राहते. वॉचमनच्या मोबाइलवर चक्र फिरत राहते, आणि सर्व्हरवर मुळात कोणतीही वेळमर्यादा नसल्यामुळे ते बराच काळ फिरू शकते.

याउलट हीच साखळी कम्पोज आणि मॅप या, एका फ्यूचरच्या निकालाला पुढची पायरी जोडणाऱ्या पद्धतींनी जोडली, तर त्यांच्या आत फेकलेले एक्सेप्शन गिळले जात नाही. त्याचे अपयशी फ्यूचर बनते, मधल्या पायऱ्या आपोआप वगळल्या जातात आणि अपयश साखळीच्या टोकाला पोहोचते. म्हणून मी एक शिस्त पाळायला सांगतो: विचार करण्याचे सगळे काम कम्पोज आणि मॅपमध्ये करावे, ऑन सक्सेसमध्ये फक्त तयार उत्तर पाठवावे, आणि प्रत्येक साखळीच्या शेवटी ऑन फेल्युअर असावे, ज्यात राउटिंग कॉन्टेक्स्टच्या (त्या विनंतीचा संदर्भ धरणाऱ्या ऑब्जेक्टच्या) फेल पद्धतीला कारण सुपूर्द करावे. गाडी यादीत नसेल तर कम्पोजमधून अपयशी फ्यूचर परत द्यावे आणि त्यात आपल्या स्वतःच्या वर्गाचे एक्सेप्शन ठेवावे. राउटरच्या फेल्युअर हँडलरमध्ये ते ओळखून ४०४ (सापडले नाही) पाठवता येते, तसेच चुकीच्या मजकुराला ४००, आणि बाकी कशालाही ५०० (सर्व्हरची चूक). याशिवाय राउटरवर टाइमआउट हँडलर बसवावा. तो मुळात पाच सेकंदांनी ५०३ (सेवा उपलब्ध नाही) पाठवतो, म्हणजे कुठे काही निसटलेच तरी समोरचा माणूस अंधारात राहत नाही.

राउटरबद्दल आणखी दोन गोष्टी थोडक्यात. बॉडी हँडलर लावल्याशिवाय आलेल्या जेसनचा मजकूर हातात येत नाही, आणि तो डेटाबेसला विचारणाऱ्या एखाद्या हँडलरच्या नंतर लावला तर विनंती आधीच वाचून झाली आहे अशी तक्रार मिळते, म्हणून तो सुरुवातीलाच लावावा. दुसरे, प्रत्येक उत्तर एकदाच आणि नक्की एकदा संपवावे. एंड विसरले तर ग्राहक ताटकळतो, दोनदा म्हटले तर उत्तर आधीच लिहून झाल्याचे एक्सेप्शन येते.

"आजचे टँकर" हा मार्ग सगळ्यांत सोपा वाटतो आणि सगळ्यांत जास्त वेळ घेतो. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. पुण्यात रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात आलेला टँकर यूटीसीच्या हिशेबाने आदल्या दिवशीचा ठरतो. टँकर रात्री-बेरात्री येतातच, त्यामुळे महिन्याच्या पहिल्या तारखेच्या पहाटेची खेप मागच्या महिन्याच्या बिलात शिरते, आणि मग सेक्रेटरी आणि टँकरवाला दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. यासाठी वेळ टाइमझोनसह साठवावी, "आज" म्हणजे काय ते एशिया/कोलकाता हा झोन घेऊन जावातच ठरवावे, त्या दिवसाची सुरुवात आणि दुसऱ्या दिवसाची सुरुवात अशा दोन सीमा काढाव्यात, आणि क्वेरीत पहिली सीमा धरून व दुसरी वगळून शोधावे. डेटाबेसला त्याची स्वतःची आजची तारीख विचारू नये, कारण तिचे उत्तर त्या सेशनच्या टाइमझोनवर अवलंबून असते आणि तो आपण नक्की केलेला नसतो.

इव्हेंट बसचे, म्हणजे व्हर्टिकलमध्ये आपापसांत संदेश पोहोचवणाऱ्या सोयीचे, कौतुक सगळीकडे वाचायला मिळते, म्हणून मी त्यावर थोडेच लिहितो. नवी नोंद झाली की एका पत्त्यावर संदेश प्रसिद्ध करायचा, आणि दुसऱ्या व्हर्टिकलने तो ऐकून कमिटीला सूचना पाठवायची, एवढा वापर सुरुवातीला पुरेसा आहे. पब्लिश सगळ्या ऐकणाऱ्यांना देते, सेंड त्यांपैकी एकालाच, आणि रिक्वेस्ट उत्तराची अपेक्षा ठेवते व मुळात ३० सेकंदांनी आशा सोडते. संदेश पोहोचेलच अशी हमी बस देत नाही. त्यामुळे नोंद आधी पोस्टग्रेसमध्ये पक्की व्हावी आणि मगच संदेश पाठवावा. सूचना हरवली तर चालते, पण वहीतली खेप हरवून चालत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये जावा २१ बरोबर व्हर्च्युअल थ्रेड स्थिरावले, तेव्हापासून "आता या सगळ्याची गरज काय?" असे विद्यार्थी विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. व्हर्च्युअल थ्रेड हलके असतात, ते डेटाबेससाठी थांबले तरी खालचा खरा थ्रेड मोकळा होतो, आणि कोड सरळ वरून खाली वाचता येतो. ज्याचे काम मुख्यतः डेटाबेसमधून वाचून जेसन देणे एवढेच आहे, त्याने नव्या प्रकल्पात तो मार्ग जरूर निवडावा. व्हर्ट.एक्सनेही ४.५ पासून व्हर्टिकल व्हर्च्युअल थ्रेडवर चालवण्याची सोय दिली आहे, आणि तिथे फ्यूचरवर अवेट म्हणून उत्तराची सरळ वाट पाहता येते. तरीही मी सुरुवात इव्हेंट लूपपासूनच करून घेतो. व्हर्च्युअल थ्रेडनेही थांबण्याचा खर्च नाहीसा होत नाही. डेटाबेसच्या चार जोडण्यांसाठी हजारो व्हर्च्युअल थ्रेड रांगेत उभे राहू शकतात. शिवाय जावा २१ मध्ये सिंक्रोनाइज्ड ब्लॉकच्या आत थांबलेला व्हर्च्युअल थ्रेड खालच्या खऱ्या थ्रेडला अडकवून ठेवत असे, आणि ही अडचण मार्च २०२५ मधल्या जावा २४ मध्ये दूर झाली. कोण कुठे थांबले आहे, हा प्रश्न ज्याने एकदा हाताळला आहे त्याला असे बारकावे चटकन कळतात.

आवृत्त्यांबद्दल एक व्यावहारिक इशारा द्यायला हवा. व्हर्ट.एक्स ३ आणि ४ च्या काळातले लेख आणि व्हिडिओ जागोजागी आहेत, आणि त्यांत कॉलबॅक देण्याची जुनी शैली दिसते: पद्धतीच्या शेवटी एक हँडलर द्यायचा आणि त्यात निकाल यश की अपयश ते तपासायचे. मे २०२५ मध्ये आलेल्या व्हर्ट.एक्स ५ मध्ये ही शैली काढून टाकली आहे, आता सगळीकडे फ्यूचर आहे. तो जुना कोड उचलून नव्या प्रकल्पात टाकला तर तो कंपाइलच होत नाही. म्हणून व्हिडिओपेक्षा अधिकृत दस्तऐवजातले कोअरचे पान आधी वाचावे, आणि वाचताना वरच्या कोपऱ्यातला आवृत्तीचा आकडा पाहावा.

चाचण्या पहिल्या आठवड्यातच लिहाव्यात, कारण असमकालिक (उत्तरासाठी न थांबणाऱ्या) कोडची, जावाच्या नेहमीच्या जेयुनिट साधनाने केलेली साधी चाचणी फसवी असते: पद्धत परतते, चाचणी पास झाल्याचे दिसते, आणि तपासणी त्यानंतर कधीतरी चालते किंवा चालतही नाही. व्हर्ट.एक्सच्या जेयुनिट ५ जोडणीत टेस्ट कॉन्टेक्स्ट मिळतो. त्याला काम पूर्ण झाल्याचे स्पष्ट कळवावे लागते, नाहीतर ३० सेकंदांनी चाचणी नापास होते. टँकरच्या वहीसाठी मी तीन चाचण्या करून घेतो. पहिलीत यादीत नसलेली गाडी पाठवायची आणि ४०४ येते का ते पाहायचे. दुसरीत लिटरच्या जागी अक्षरे पाठवायची आणि ४०० येते का ते पाहायचे. तिसरी थोडी मेहनतीची आहे. वेळ सांगणारे क्लॉक ऑब्जेक्ट व्हर्टिकलला बाहेरून द्यायचे, ते १ मे च्या पहाटे सव्वातीनवर थांबवायचे, दहा हजार लिटरची एक खेप नोंदवायची, आणि मग एप्रिल आणि मे या दोन्ही महिन्यांची बेरीज मागवायची. मे मध्ये दहा हजार आणि एप्रिलमध्ये शून्य आले पाहिजे. ही चाचणी लॅपटॉपवर एकदा भारतीय वेळेत आणि एकदा जावाला यूटीसी टाइमझोन देऊन चालवावी, आणि दोन्ही वेळा पास झाल्यावरच सर्व्हर सोसायटीच्या हाती द्यावा.